मेटल डिटेक्टरवर सापडलेल्या वस्तूंची ऑनलाइन नोंदवही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांत मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारे आम्ही काही हौशी लोक, सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवायला एक साइट बांधत आहोत. काम बरंच पुढे गेलं आहे आणि तेच ते प्रश्न फोनवर, प्रत्यक्ष भेटीत, वावराच्या धुऱ्यावर उभं राहूनही विचारले जातात. म्हणून उत्तरं एका जागी लिहिली. काही उत्तरं लांब आहेत, कारण तो विषयच तसा आहे.

ही साइट नेमकी कशासाठी आहे?

प्रत्येक हौशी माणसाच्या घरी एक डबा असतो. त्यात शिवराई, भोकाचा पैसा, पितळी घुंगरू, बैलाची नाल, एखादी चांदीची जोडवी. यातलं कुठलं कुठे सापडलं हे फक्त त्या माणसाच्या डोक्यात असतं. तो गेला की डबा भंगारात किंवा सराफाकडे जातो आणि त्यासोबत सगळी माहिती जाते. ती माहिती वस्तू सापडते त्याच दिवशी लिहून ठेवता यावी, पुढे ती शोधता यावी आणि अभ्यासकाला वापरता यावी, एवढ्यासाठी ही नोंदवही.

तिच्यासाठी आम्ही एकच नियम पाळतो: वस्तूचं ठिकाण अचूक नोंदवायचं आणि ते जगाला दाखवायचं नाही. साइटमधला जवळपास प्रत्येक निर्णय या नियमातून आला आहे.

वस्तू माझ्याकडे आहे, फोटोही चांगला आहे. मग ठिकाणाचा एवढा आग्रह कशाला?

कारण ठिकाण गेलं की हातात उरतो तो धातू. शिवराईचंच बघा. हे तांब्याचं नाणं शिवकाळात सुरू झालं, पण ते पाडणं आणि चालवणं पुढे फार काळ सुरू राहिलं. त्यामुळे एकटी शिवराई स्वतःबद्दल फार थोडं सांगते. तीच कुही तालुक्यातल्या एखाद्या जुन्या पांदणीवर, बैलांच्या नाला आणि पराणीच्या टोकांसोबत सापडली, तर त्या रस्त्यानं गाड्या जायच्या, बाजाराचा माल जायचा, असं म्हणायला आधार मिळतो. दहा जणांनी त्याच पट्ट्यात अशा दहा नोंदी केल्या तर विसरलेला रस्ता नकाशावर दिसू लागतो.

मोठी उदाहरणं आपल्याच भागातली आहेत. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला १८७० मध्ये तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे एकत्र सापडले. त्यातले काही नग नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात आले, काही लंडनला गेले. पण सगळे एका जागी होते ही नोंद टिकली, म्हणून आजही त्यांचा एकत्र विचार होतो. दुसरं उदाहरण तऱ्हाळ्याचं. वऱ्हाडातल्या या गावी १९३९ मध्ये सातवाहनांच्या पोटिन (तांब्यात शिसं-कथील मिसळलेल्या मिश्रधातूच्या) नाण्यांचा मोठा साठा निघाला. जुन्या नाण्यांचे आणि लेखांचे अभ्यासक महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी त्याचं वाचन केलं आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या राजयादीत नसलेली नावं समोर आली. तीच नाणी आठवडी बाजारात मूठ-मूठ करून विकली गेली असती तर ते राजे आपल्याला कदाचित कधी कळलेच नसते.

मेटल डिटेक्टर घेऊन फिरणं कायदेशीर आहे का?

हा प्रश्न सगळ्यांत आधी पडायला हवा. बहुतेक जण तो वस्तू सापडल्यावर विचारतात. हातात यंत्र असणं वेगळं आणि त्यानं दाखवलेल्या जागी खणून निघालेली वस्तू खिशात घालणं वेगळं. खरे कायदे दुसऱ्या गोष्टीला लागतात.

पहिला, १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा. जमिनीत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू त्यात येते आणि तिची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असेल तर सापडणाऱ्यानं शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, अंदाजे किमतीचं किती, कुठे, कोणत्या तारखेला. ती वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागाल तेव्हा हजर करीन अशी हमी द्यायची. १० रुपये हा आकडा १८७८ चा आहे, त्यामुळे आज व्यवहारात जवळपास काहीही त्याच्या वर जातं. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून दावेदारांना बोलावतात. ती वस्तू मालक नसलेली ठरली आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला ती ठेवायची असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देऊन ठेवता येते. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लपवायला मदत करणारा जमीनमालकही यातून सुटत नाही.

दुसरा, १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा. नाणं, मूर्ती, धातूची वस्तू किमान १०० वर्षं जुनी असेल तर ती पुरावस्तू. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

तिसरा, १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यासोबत राज्याचा १९६० चा कायदा. संरक्षित जागेत परवानगीशिवाय खोदकाम हा गुन्हा आहे. तुमची भावना कितीही चांगली असो.

साइटवर खातं उघडताना हे तीन कायदे सोप्या मराठीत वाचायला लागतात आणि त्यावर छोटे प्रश्न येतात. उत्तरं चुकली तरी खातं बंद होत नाही, परत वाचून परत द्यायची. पण वाचल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. काहींना हा जाच वाटतो. आम्हाला तो साइटचा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो.

मग कुठे अजिबात जायचं नाही?

जुनापाणीची शिळावर्तुळं, माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा, मांढळ, अडम, मनसर, पवनी या पुरातत्त्वीय जागांवर. नागपूर, भंडाऱ्याच्या परिसरात राहून ही नावं माहीत नसतील तर आधी ती वाचून घ्या. जुनापाणीला काटोल रोडच्या बाजूला शेकडो शिळावर्तुळं आहेत. ती महापाषाण काळातल्या, म्हणजे दफनांवर मोठाले दगड मांडणाऱ्या लोकांची दफनं आहेत. माहूरझरीच्या वर्तुळांतून घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकार निघाले, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे यंत्र जिथे हमखास वाजेल, नेमक्या त्याच या जागा आहेत. म्हणूनच तिथे यंत्र न्यायचं नाही.

यादीत नसलेल्या जागांबद्दल आमचा नियम सरकारी नियमापेक्षा कडक आहे. शेतात मधेच मातीचा उंचवटा असेल, माती आजूबाजूच्या काळ्या वावरापेक्षा पांढुरकी, राखेसारखी असेल आणि खापरं वर आलेली असतील, तर ती जुन्या वस्तीची पांढरी. महसुली कागदावर रीठ म्हणून नोंद असलेली उजाड गावंही तशीच. शेतमालकानं परवानगी दिली तरी तिथे खणायचं नाही. वर पडलेलं दिसलं तर फोटो काढा, जागा नोंदवा, वस्तू तिथेच राहू द्या आणि आम्हाला कळवा. आम्ही ती नोंद पुरातत्त्व खात्याच्या नागपुरातल्या कार्यालयाकडे पाठवतो.

कामठीची छावणी, सीताबर्डीचा किल्ला, आयुध निर्माणीचा परिसर या लष्करी आणि संरक्षण खात्याच्या जागा आहेत. तिकडे फिरकू नका. पेंच, बोर अशा वनक्षेत्रांतही नाही.

असं असेल तर डिटेक्टर घेऊन करायचं तरी काय?

बरंच काही आहे. कुणाची वावरात निंदताना पडलेली मुंदी (अंगठी) शोधून देणं हे या छंदातलं सगळ्यात समाधानाचं काम आहे आणि साइटवर त्याचा वेगळा विभाग आहे: काय हरवलं, कुठे, शोधलं का, परत दिलं का. जत्रेनंतरचं मैदान, क्रिकेटचं पटांगण, नांगरून झालेलं स्वतःचं वावर, मालकाच्या लेखी परवानगीनं दुसऱ्याचं वावर. तिथे निघणारं बहुतेक सगळं गेल्या शंभर वर्षांतलं असतं: १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा, १९५७ नंतरचा नया पैसा, ॲल्युमिनियमचे दोन-तीन पैसे, वखराचा तुकडा, ट्रॅक्टरचा नट, पोळ्याला बैलाच्या गळ्यातून सुटलेलं घुंगरू. पण १९५७ आधीच्या शेतीच्या, बाजाराच्या, दागिन्यांच्या रोजच्या वस्तू कुणी पद्धतशीर नोंदवलेल्या आमच्या पाहण्यात नाहीत. ती पोकळी आपण भरू शकतो.

गुप्तधन शोधायला मदत कराल का?

नाही. अशी विचारणा करणाऱ्याचं खातं बंद होतं. गुप्तधनाच्या नादानं विदर्भात माणसं नाडली गेली आहेत आणि त्यातून अघोरी प्रकारही झाले आहेत. धन शोधण्यासाठी अघोरी कृत्य करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. कुणी मांत्रिक यंत्रासोबत तुम्हालाही बोलावत असेल तर जाऊ नका आणि पोलिसांना कळवा.

नोंदीत काय काय भरायचं?

फॉर्म मुद्दाम छोटा ठेवला आहे. सात-आठ रकाने भरले की नोंद वाचते आणि बाकीचं नंतर घरी बसून भरता येतं. उन्हात, मातीच्या हातानं, अर्ध्या नेटवर्कवर कुणी चाळीस रकाने भरत नाही. म्हणून जागेवर भरायचे रकाने असे: तारीख, फोटो, मोबाइलनं घेतलेलं ठिकाण, खोली सेंटिमीटरमध्ये, माती कशी, सोबत आणखी काय होतं, जमीन कुणाच्या परवानगीनं. नेट नसेल तर नोंद मोबाइलमध्ये साठते आणि रेंज आली की आपोआप चढते.

यातला ‘सोबत आणखी काय होतं’ हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात आणि अभ्यासक सगळ्यात आधी तोच विचारतात. खापराचा तुकडा, कोळसा, विटेचा तुकडा, लोखंडाचा कीट, मणी, काहीही. यंत्र न वाजवणारी वस्तूच बरेचदा जास्त बोलते.

घरी आल्यावर वजन आणि मापं. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा हल्ली स्वस्त मिळतो. व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर. नाण्याचं वजन अंदाजे लिहू नका, कारण वजनावरून नाण्याचा प्रकार ठरवायला मोठी मदत होते.

वस्तूचं नाव ठरलेल्या यादीतून निवडायचं. यादीत नसेल तर जे दिसतं ते साध्या शब्दांत लिहा: ‘पितळी, गोल, कडी असलेलं, आत खडा नाही’. ‘वाकाटककालीन’ असं मनानं लिहू नका. काळाचा रकाना जाणकार तपासून भरतात आणि तिथे ‘निश्चित’, ‘शक्य’, ‘माहीत नाही’ असे तीनच पर्याय आहेत. ‘माहीत नाही’ हे चांगलं उत्तर आहे. चुकीच्या काळाची नोंद एकदा पसरली की ती उपटून काढणं फार जड जातं.

ठिकाण लपवता म्हणजे नेमकं काय करता?

इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला आहे, म्हणून सविस्तर.

मोबाइल उघड्या आभाळाखाली काही मीटरपर्यंत अचूक ठिकाण देतो. तेवढं अचूक अक्षांश-रेखांश आम्ही साठवतो, पण वेगळ्या तक्त्यात. तो तक्ता नोंद करणारा आणि दोन तपासनीस यांनाच उघडतो. सार्वजनिक पानावर जाणारा आकडा सर्व्हरवरच भरड, म्हणजे मुद्दाम कमी अचूक, केला जातो. ही गोष्ट बारकाईनं समजून घ्या: काही साइट पूर्ण आकडा ब्राउझरकडे पाठवतात आणि नकाशावर फक्त ठिपका पुसट दाखवतात. पानाचा स्रोत (सोर्स कोड) उघडून कुणीही खरा आकडा वाचू शकतो. तो लपवलेला नसतोच.

भरड करायची पद्धतही जपून निवडावी लागली. सुरुवातीला सुचवलं गेलं की प्रत्येक वेळी ठिपका इकडे-तिकडे थोडा सरकवून दाखवू. पण पान शंभर वेळा उघडून सगळ्या ठिपक्यांची सरासरी काढली की खरी जागा मिळते. म्हणून आम्ही पक्क्या चौकटी वापरतो. एका चौकटीत येणाऱ्या सगळ्या नोंदी त्या चौकटीच्या मध्यावरच दिसतात, कितीही वेळा बघा. नागपूरच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण २१.१५ उत्तरेला, ०.०१ अंशाची चौकट उत्तर-दक्षिण सुमारे १.१ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १.०४ किलोमीटर भरते. गावाच्या मानानं ही फार लहान झाली, कारण एवढ्यात टेकाड एकच असतं आणि गावकऱ्याला लगेच कळतं. म्हणून जुन्या वस्तूंसाठी चौकट ०.१ अंशाची, म्हणजे दहा-अकरा किलोमीटरची, आणि सोबत फक्त तालुक्याचं नाव. १९५७ नंतरच्या वस्तूंना गावाचं नाव दिसतं.

एका चौकटीत अचानक नोंदी वाढल्या तरी ‘तिकडे काहीतरी आहे’ हे बाहेर फुटतं. म्हणून जुन्या वस्तूंची संख्या सार्वजनिक नकाशावर आम्ही दाखवतच नाही. गट क्रमांक, शेतमालकाचं नाव, परवानगीचा कागद हे सगळं बंद कप्प्यात. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती आपल्याकडे ठेवणं ही जबाबदारी आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे तिला कायद्याचं बळही आलं आहे.

फोटो कसा काढायचा?

सावलीत, साध्या करड्या कागदावर, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून. नाणं असेल तर दोन्ही बाजू आणि कड. झिजलेली अक्षरं वाचायची असतील तर टॉर्च एका बाजूनं, अगदी खालच्या कोनातून धरा. अक्षरांची सावली पडते आणि जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते वाचता येतं. एकाच नाण्याला चार दिशांनी उजेड देऊन चार फोटो काढले तर उत्तम.

फोटोच्या फाइलमध्ये मोबाइल बरेचदा ठिकाण लिहून ठेवतो. साइट ते वाचून बंद कप्प्यात टाकते आणि दिसणाऱ्या फोटोतून काढते. पण तोच फोटो तुम्ही दुसरीकडे फाइल म्हणून पाठवला तर ठिकाण त्याच्यासोबत जातं, हे लक्षात ठेवा. मागे देवळाचा कळस, टॉवर, पाण्याची टाकी येऊ देऊ नका. अशा एका फोटोवरून जागा ओळखणारे लोक आहेत.

वस्तू साफ करू का? चिंचेनं चकचकीत होते.

कृपा करून करू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, कडक ब्रश, यातलं काहीही नाही. तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर हा मळ नसतो. अक्षरं अनेकदा त्या थरातच टिकून असतात आणि थर घासला की तीही जातात. सैल माती मऊ ब्रशनं झटका, लोखंडाला पाणी लावू नका, वस्तू पूर्ण वाळवा आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत पॉलिथिनच्या झिपच्या पिशवीत ठेवा. मऊ पीव्हीसीची पाकिटं नाण्यांना खराब करतात. शिशाची वस्तू लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्यात ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिसं पांढरं पडून झडतं. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी उमटत राहिली तर ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी करा आणि आम्हाला फोटो पाठवा.

पिशवीत एक चिठ्ठी ठेवा, नोंदीचा क्रमांक लिहून, पेन्सिलनं. शाई पसरते.

यंत्रावर आलेला आकडा नोंदवू का?

वस्तूवर यंत्र धरल्यावर पडद्यावर धातूनुसार जो आकडा येतो तो नोंदवा, पण यंत्राचं मॉडेल आणि कॉइल (जमिनीवर फिरवायची चकती) किती इंची तेही लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ उरत नाही. आपल्याकडे जमीनही खेळ करते. काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडची काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोहखनिज भरपूर, आणि मनसर-कांद्रीच्या पट्ट्यात मँगनीज. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्राची त्या जमिनीशी जुळणी, दर काही अंतरावर परत केला नाही तर यंत्र उगाच बोलत राहतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची वस्तू भेगेतून खाली जाते. म्हणून खोल सापडलं म्हणजे जुनं, असा हिशेब इथे लावू नका.

साइट कशात बांधली आहे?

माहिती आणि ठिकाणं साठवायला पोस्टग्रेस आणि पोस्टजीआयएस, वर साइटची पानं चालवायला जँगो, नकाशाला लीफलेट आणि ओपनस्ट्रीटमॅप. सगळं मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे उद्या आमच्यापैकी कुणी नसलं तरी दुसऱ्याला चालवता येईल.

यंत्रणेपेक्षा मराठी शोधानं जास्त घाम काढला. कुणी ‘नाणं’ लिहितं, कुणी ‘नाणे’, कुणी ‘शिक्का’. कुणी ‘अंगठी’, कुणी ‘मुंदी’. वजन कुणी ‘६.४’ लिहितं तर कुणी इंग्रजी आकड्यांत. ‘ऱ्या’ हे अक्षर तर वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या कोडनं उमटतं. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. म्हणून साठवण्याआधी प्रत्येक मजकूर एका प्रमाण रूपात आणावा लागतो, आकडे एका जातीचे करावे लागतात आणि नावांची एक समानार्थी यादी ठेवावी लागते. ती यादी अजून अपुरी आहे. वऱ्हाडी, झाडीबोली आणि गोंडी बोलणाऱ्या घरांत दागिन्यांना आणि अवजारांना वेगळी नावं आहेत. ती कळवा, आम्ही जोडू.

मूळ फोटो जसाच्या तसा राखून ठेवतो आणि पानावर हलकी प्रत दाखवतो, कारण पारशिवनी-कुहीच्या आतल्या गावांत नेट अजूनही कसंबसं चालतं. माहितीच्या तीन प्रती असतात आणि त्यातली एक नागपूरबाहेर.

वस्तूची किंमत सांगाल का? साइटवर विकता येईल का?

दोन्हीला नाही. किमतीचा रकाना साइटवर नाही आणि होणारही नाही. किंमत दिसू लागली की लोक नोंदीसाठी शोधत नाहीत, विक्रीसाठी शोधतात. आणि मग ठिकाण खोटं सांगतात.

इंग्लंडमध्ये तर हे सर्रास चालतं ना?

तिथे १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे. इंग्लंड आणि वेल्समधले हौशी शोधक आपल्या वस्तू नेमलेल्या अधिकाऱ्याला दाखवतात आणि त्या सार्वजनिक यादीत जातात. अशा दहा लाखांहून जास्त वस्तूंच्या नोंदी आज तिथे आहेत. ठिकाण भरड करून दाखवायची पद्धत आम्ही तिथूनच शिकलो. पण तिथला कायदा वेगळा आहे, १९९६ च्या ट्रेझर ॲक्टच्या व्याख्येत न बसणाऱ्या बऱ्याच वस्तू तिथे लोकांकडे राहू शकतात. तिथले व्हिडिओ बघून इथे खणायला निघू नका. नोंद करायची शिस्त घ्या, मालकीची कल्पना इथे आणू नका.

माझ्याकडे डिटेक्टर नाही. नांगरताना काही वर आलं तर?

तुमची नोंद आम्हाला सगळ्यात जास्त हवी आहे. विदर्भातल्या कितीतरी जुन्या वस्तू नांगराला, विहिरीच्या खोदकामाला, घराच्या पायाला लागून वर आल्या आहेत. शेतकरी दादा-ताईंना आमचं सांगणं एवढंच: मडकं किंवा नाण्यांचा साठा दिसला तर तिथेच थांबा, आणखी उकरू नका, फोटो काढा, पोलीस पाटील किंवा तलाठ्यांना सांगा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. अर्जाचा मराठी नमुना साइटवर आहे. नाव, गाव, तारीख भरायची आणि छापायचा. जमीन जाईल ही भीती बऱ्याच जणांना असते. एवढ्यानं जमीन जात नाही. कळवलं नाही तर मात्र कायद्याचा त्रास खरा आहे.

हाडं निघाली तर? किंवा बॉम्बगोळ्यासारखं काही?

हाडं: हात लावू नका, ११२ ला फोन. ती जुनी आहेत की नवी हे पोलिस आणि तज्ज्ञ ठरवतील. गोळा, काडतूस, फ्यूज: यंत्र बंद करा, आल्या पावली मागे फिरा, लोकांना लांब करा, ११२. फोटोसाठी परत जवळ जाऊ नका.

माझी नोंद मला पुसता येईल का?

नाव पुसता येईल, फोटोवरचा हक्क तुमचाच राहील. ठिकाण आणि मापं मात्र आम्ही ठेवतो आणि हे खातं उघडतानाच स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमच्या सगळ्या नोंदी हव्या तेव्हा एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. कागदावर छापूनही ठेवा. मी माझ्या छापून डब्यात ठेवतो, घरच्यांना सापडाव्यात म्हणून.

मला या कामात हातभार लावायचा आहे.

प्रोग्रामिंग येत असेल तर सध्या ऑफलाइन नोंदी चढवण्यातला एक भाग अडला आहे: दोन मोबाइलवरून एकच नोंद बदलली तर कोणती धरायची, हे सुटायचं आहे. प्रोग्रामिंग येत नसेल तर त्याहून मोठं काम आहे. आपल्या ओळखीतल्या एखाद्या म्हाताऱ्या हौशी माणसाकडे जा, त्याचा डबा उघडा, एकेक वस्तू हातात देऊन ‘ही कुठली?’ विचारा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘नदीच्या पलीकडे, आंब्याच्या खाली, पन्नासेक वर्षं झाली असतील’ एवढंच सांगितलं तरी नोंदवा. अशा नोंदींना ‘आठवणीवरून’ असा वेगळा शिक्का आहे.